वयाची वजावट

कॅनडातील ज्या तीन प्रमुख कनिष्ठ लीगांतून नॅशनल हॉकी लीगचे संघ आपले भावी खेळाडू वेचतात, त्यांत सोळा वर्षांचा, मिसरूड न फुटलेला पोरगा आणि वीस वर्षांचा भरल्या अंगाचा गडी एकाच बर्फावर उतरत असल्यामुळे, गोल आणि गोलसाहाय्य यांची बेरीज करून दोघांच्या नावापुढे मांडलेले सारखे गुण सारख्याच योग्यतेचे द्योतक मानता येत नाहीत, हे कोणीही कबूल करील. परंतु जो फरक वर्षांचा नसून महिन्यांचा असतो, तो दप्तरात दडून राहतो.

ड्राफ्टसाठी, म्हणजे संघांच्या या वार्षिक निवडीसाठी, त्या सालच्या 15 सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. या मुदतीचा महिमा असा, की 17 सप्टेंबर 1985 रोजी जन्मलेला अलेक्झांडर ओव्हेच्किन 2003 मध्ये दोन दिवसांसाठी अपात्र ठरला, तेव्हा मधल्या चार लीप वर्षांचे जादा दिवस जमेस धरता त्याचे वय भरतेच, अशी मखलाशी करून फ्लोरिडा पँथर्सने त्याला मागून पाहिले! मागणी अर्थातच फेटाळली गेली, आणि 2004 मध्ये तो पहिल्याच क्रमांकाने वॉशिंग्टनकडे गेला.

वयामुळे पडणाऱ्या या फरकाच्या दुरुस्तीची रीत तत्त्वतः सोपी आहे: महिन्यांपर्यंत मोजलेल्या प्रत्येक वयाचे खेळाडू दर सामन्यास सरासरी किती गुण मिळवतात ते काढावयाचे आणि त्या सरासरीने खेळाडूच्या गुणांस भागावयाचे. मेख आहे ती सरासरीतच. कारण सोळाव्या वर्षी ज्याला संघात जागा मिळते तो समवयस्कांतला निवडक असतो, एकोणिसाव्या वर्षी मात्र सामान्यांचाही भरणा झालेला असतो, आणि त्यामुळे वयागणिक होणारी वाढ आहे त्याहून थोडी भासते. त्याच खेळाडूचे लागोपाठचे दोन मोसम ताडून पाहणे अधिक बरे, जरी मध्येच गळालेले त्याही हिशेबातून सुटतात.

डीनर, लोवेन आणि कोब्ली या संशोधकांनी 1980 ते 2006 मधील ड्राफ्टांची छाननी करून 2013 साली दाखवले, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू, जानेवारी ते मार्चमधल्यांच्या तुलनेने, आपल्या पुढील कर्तृत्वाच्या मानाने चाळीसहून अधिक स्थाने मागे निवडले गेले. आता कॅनडातील बालगटांची विभागणी 1 जानेवारीपासून होते. म्हणजे ऑक्टोबरात जन्मलेला मुलगा गटात सदैव धाकटा, पण ड्राफ्टच्या कोष्टकात थोरला, आणि केवळ ड्राफ्टच्या तारखेवरून वयाची वजावट करणारा गणिती, आधीच कमी लेखलेल्या त्या मुलाचे आणखी काही गुण कापून घेतो.