चेतक स्कूटर : विक्रीतील घट
पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या या स्कूटरसाठी गिऱ्हाइकास नोंदणी करून अनेक वर्षे थांबावे लागे. परवाना पद्धतीने उत्पादनावर मर्यादा असल्याने माल पडून राहण्याचे भय नव्हते. साहजिकच रचनेत मूलभूत बदल झाले नाहीत. ही रांगच पुढे कंपनीस महाग पडली, असे म्हणावे लागते. दोन धावांच्या एंजिनात इंधनाचा काही भाग न जळताच निसटतो. त्यामुळे १९८५ मध्ये आलेली हीरो होंडाची चार धावांची मोटारसायकल इंधनखर्चात सरस ठरली. खेड्यांतील खडबडीत रस्त्यांवर तिची मोठी चाकेही सोयीची होती. १९९१ नंतर परवान्याचे बंधन सुटून प्रतीक्षायादी ओसरली. प्रदूषणाचे नियमही कडक झाले. चार धावांची चेतक आली ती फार उशिरा. २००९ मध्ये कंपनीने स्कूटरनिर्मिती थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. २०२० मध्ये हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला देण्यात आले.