ठेकेदार बदलला, पीएफचं काय?

ताईंनो, आपल्यातल्या बऱ्याच जणी दवाखान्यात, वसतिगृहात ठेक्यावर साफसफाई किंवा स्वयंपाक करतात. ठेकेदार बदलला की नवा म्हणतो, "तुम्ही आजपासून नवीन." साठलेल्या सुट्ट्या बुडतात. पीएफ मात्र बुडू देऊ नका.

• तुमचा १२ आकडी यूएएन नंबर एकच राहतो. नव्या ठेकेदाराला तोच द्या.
• जुन्याकडून काम सोडल्याची तारीख ऑनलाइन भरून घ्या, म्हणजे जुनी रक्कम नव्या खात्यात वळवता येते.
• पेन्शनला एकूण १० वर्षं सेवा लागते. घाईने पेन्शनचे पैसे काढले तर मागची वर्षं मोजत नाहीत.
• उमंग अ‍ॅपवर पासबुक बघत जा. पगारातून कापलेले पैसे त्यात दिसले नाहीत, तर पगारपावती घेऊन गटाच्या बैठकीला या. तक्रार अर्ज मिळून लिहू.