गाळ उपसून झाला, आता पोरांकडे बघा

२६ जुलै २००५ ला तुमच्यापैकी अनेक जण जन्मलेलेही नसतील. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे वालधुनी नदी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, कल्याणच्या घरांत शिरली. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. पूर आपल्याकडे नवा नाही. पुन्हा आला तर एनएसएसची टीम म्हणून तुम्हीच धावाल. गाळ उपसाल, चादरी वाटाल. पण कोपऱ्यात गप्प बसलेल्या सात वर्षांच्या पोराचं काय?

‘मला भीती वाटते’ असं लहान मूल सांगेलच असं नाही. ते आईला सोडत नाही, झोपेत अंथरूण ओलं करतं, पोट दुखतं म्हणतं, उगाच चिडतं. कुणी कागदी होडी पुन्हा पुन्हा बुडवत बसतं. ही नाटकं नाहीत. तेव्हा ‘एवढा मोठा झालास नि रडतोस?’ हे वाक्य विसराच!

मग करायचं काय?

‘पाणी कुठपर्यंत आलं होतं, सांग ना’ असं खोदून विचारू नका. बोलला तर ऐका. नाही बोलला तर शेजारी बसून चित्रं काढा. पुराचे व्हिडिओ त्याच्यासमोर नकोत, आणि त्याचा रडका फोटो स्टेटसला तर नकोच नको.

‘आता पाणी कधीच येणार नाही’ अशी थाप मारू नका. पुढच्या पावसाळ्यात ती उघडी पडते, मग तो तुमच्यावरही विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा पाणी वाढलं तर कुठे जायचं, दप्तर कुठे ठेवायचं, हे त्याच्यासोबत ठरवा.

सगळ्यात महत्त्वाचं, ठरलेली वेळ पाळा. चारला खेळ म्हणजे चारला खेळ. घर विस्कटलेलं असताना रोज वेळेवर येणारी ताई किंवा दादा हाच मोठा आधार असतो. शाळाही लवकर सुरू व्हायला हवी. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणलं, ते उगाच नाही.

बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा बिघडलेलीच असेल, तर पालकांशी बोला आणि टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या. तुम्ही डॉक्टर नाही, व्हायची गरजही नाही. फक्त एक दिवस जाऊन, सेल्फी काढून परत येऊ नका. दुसऱ्या दिवशीही चारला हजर राहा.