सात वाजताचे कोडे

वेल्स हा ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेश होय. तेथील ॲबरहोसन नावाच्या लहानशा खेड्यात सुमारे दीड वर्ष एक विलक्षण प्रकार घडत होता. रोज सकाळचे सात वाजले, की गावातील इंटरनेट मंदावे किंवा साफ बंद पडे. त्यामुळे गावकरी अगदी त्रासून गेले होते.

या गावी इंटरनेट येई ते दूरध्वनीच्या जुन्या तांब्याच्या तारांतून. तेव्हा दोष त्या तारांचाच असणार, असे कोणालाही वाटले असते. मुलांनो, अशा तारा मुळात माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी घातलेल्या असतात. आवाजाला सेकंदास सुमारे चार हजार कंपनांपर्यंतचा पल्ला पुरतो. इंटरनेटचा संदेश मात्र त्याच तारेवरून सेकंदास लाखो कंपनांनी धावतो. अंतर वाढते, तसतशी ही जलद कंपने क्षीण होत जातात. म्हणून दूरध्वनी केंद्रापासून लांब असलेल्या घरी वेग कमी मिळतो. त्यातच तारेचा सांधा सैल झाला, त्यावर गंज चढला किंवा आत पाणी झिरपले, तर संदेश आणखी दुबळा होतो.

याखेरीज लांबलचक तार अँटेनासारखी वागते व आसपासच्या विजेच्या उपकरणांचा उपद्रव टिपून घेते. तो टळावा म्हणून दोन तारा एकमेकींभोवती पिळतात. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली काढली. तथापि उपद्रव फार प्रबळ असेल, तर हा पीळही अपुरा पडतो.

तंत्रज्ञांनी ॲबरहोसनला वारंवार तपासणी केली. पण दोष सापडेना. केबलचे मोठमोठे भाग बदलूनही काही उपयोग झाला नाही. आता एकच धागा हाती होता, आणि तो म्हणजे वेळ! एके दिवशी पहाटे सहा वाजता, मुसळधार पावसात, तंत्रज्ञ विद्युत्‌लहरी टिपणारे यंत्र घेऊन गावात हिंडू लागले. सात वाजले मात्र, आणि यंत्राने प्रचंड विद्युत्-गोंगाट नोंदवला. त्याचा माग काढीत ते एका घरापाशी पोहोचले. त्या घरी रोज सात वाजता एक जुना दूरचित्रवाणी संच सुरू होत असे. साऱ्या गावाचे इंटरनेट अडवणारा गोंगाट त्या संचाचा होता! हे कळताच घरातील व्यक्ती अतिशय ओशाळली. तो संच पुन्हा लावावयाचा नाही, असे तिने कबूल केले आणि गावाची पीडा टळली. ही हकीकत २०२० साली जगापुढे आली.

ज्यांच्या घरी आजही अशी तार आहे, त्यांनी हीच रीत अनुसरावी. प्रथम दूरध्वनी कानाला लावून खरखर ऐकू येते का, ते पाहावे. मग इतर जोडण्या काढून मोडेम थेट मुख्य जोडणीला लावावा. वेग सुधारला, तर दोष घरातच आहे, असे समजावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी; वेग केव्हा मंदावतो, ती वेळ टिपून ठेवावी. खांबावरील तारांना मात्र हात लावू नये. ते काम तंत्रज्ञांचे.

ॲबरहोसनच्या तारा जुन्या होत्या, म्हणून संशय त्यांच्यावर गेला. कोडे उलगडले, ते नेमक्या वेळेकडे लक्ष दिल्यामुळे. कोणालाही दोष देण्यापूर्वी आपणही असेच नीट पाहावयास शिकले पाहिजे.