माठ, घाम आणि उष्माघात : रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीचा अर्धा तास

आमच्या रुग्णालयाचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यासमोर वार्षिक अहवालाच्या निमित्ताने एक विषय मांडण्याची आमची इच्छा आहे. रुग्णालयातील बहुतेक सेवा आपल्या सहकार्याने उभ्या राहतात. खाटा, यंत्रे व औषधे देणगीतून घेता येतात. उष्माघातावरील उपचाराचा सर्वांत मोलाचा भाग मात्र रुग्णालयाच्या दाराबाहेर, रस्त्यावर, कारखान्यात किंवा घरातच करावा लागतो. म्हणूनच त्याची माहिती घरोघरी असणे आवश्यक आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार प्रदान सोहळ्यास लाखो नागरिक भर उन्हात उपस्थित होते. त्यानंतर उष्णतेच्या त्रासाने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस नोंदले गेले होते. विदर्भातील रहिवाशांना हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यासाठी त्यात मोठा बोध आहे. भारतीय हवामान खात्याच्या निकषांतही हा फरक दिसतो. उष्णतेची लाट ठरविताना मैदानी प्रदेशासाठी किमान ४० अंश, तर किनारपट्टीसाठी किमान ३७ अंश कमाल तापमान ही पहिली अट असते. याचे कारण हवेतील दमटपणा होय.

शरीर थंड कसे राहते?

निरोगी शरीराच्या आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. त्वचेचे तापमान साधारणतः ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल, तर शरीरातील उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याहून तापली की हा मार्ग बंद होतो. उलट हवाच शरीराला तापवू लागते. अशा वेळी घाम हा एकच आधार उरतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मात्र घाम गळून पडला किंवा लगेच पुसून टाकला, तर हा लाभ मिळत नाही. घाम वाळला पाहिजे.

घरातील माठाचे उदाहरण घ्यावे. माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी बाहेर वाळते आणि आतील पाणी गार होते. कोरड्या हवेत माठाचे पाणी छान गार होते. दमट दिवशी तोच माठ ओला राहतो, पण पाणी तितके गार होत नाही. आपल्या शरीराचेही तसेच आहे. घामाने अंग चिंब झाले असूनही गारवा वाटत नसेल, तर शरीराचा माठ काम करीत नाही, असे समजावे.

प्रतिबंधासाठी काय करावे?

तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. घामावाटे मीठही जाते; म्हणून मीठ घातलेले ताक, कोकम सरबत, कैरीचे पन्हे ही आपली पेये योग्यच आहेत. आपल्या सिंधी बांधवांच्या घरी उन्हाळ्यात होणारी थादलही चांगली. मधुमेहींनी मात्र साखरेचे भान ठेवावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकारामुळे ज्यांना पाणी-मीठ मोजून घेण्यास सांगितले आहे त्यांनी, तसेच लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सैल सुती कपडे घालावेत. दुपारी १२ ते ४ या वेळेत श्रमाची कामे टाळावीत. शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या कारखान्यांनी नव्या कामगारास पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळीचे जड काम देऊ नये. छपरास पांढरा चुना लावल्यास ऊन परावर्तित होऊन आतील उकाडा कमी होतो. पंख्याने घाम वाळतो, हे खरे. परंतु हवा ४० अंशांच्या पुढे गेल्यावर कोरड्या अंगावर पंख्याचा झोत तापच देतो. तेव्हा अंग ओले करून मगच पंख्याखाली बसावे.

थकवा आणि उष्माघात

अतिशय घाम, चक्कर, मळमळ, पायांत गोळे येणे ही उष्णतेने आलेल्या थकव्याची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असतो व नीट बोलतो. त्यास सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, पाय थोडे उंच ठेवावेत आणि जलसंजीवनी घोट घोट पाजावी. तयार पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे.

रुग्ण असंबद्ध बोलू लागला, चालताना तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली आणि अंग चटके बसावेत इतके तापले असेल, तर तो उष्माघात होय. आतील तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असते. त्वचा कोरडीच असेल असे नाही. श्रम करताना कोसळलेल्या तरुण कामगाराचे अंग घामाने ओले असू शकते. येथे मेंदू, यकृत व मूत्रपिंड यांना प्रत्येक मिनिटागणिक इजा होत असते. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले, तर जीव वाचण्याची शक्यता बरीच वाढते.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा : आधी थंड करणे, मग हलविणे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून न राहता रुग्णाचे जास्तीचे कपडे काढून नळाचे किंवा माठाचे पाणी सर्वांगावर सतत ओतावे व जोराने वारा घालावा. बर्फ असल्यास फडक्यात गुंडाळून मान, काखा व जांघांत ठेवावा. तापलेल्या अंगावर गार पाणी ओतल्यास अपाय होतो, ही समजूत उष्माघातात प्राणघातक ठरते. वाहनातही खिडक्या उघड्या ठेवून अंग ओले करीत राहावे.

शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळीही देऊ नये. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूच तापमानाची पातळी वाढवितो व गोळी ती खाली आणते. उष्माघातात तसे घडत नसल्याने गोळी निरुपयोगी ठरते व यकृतावर भार पडतो. खिशात कांदा बाळगण्याने अपाय नाही, पण त्यावर विसंबून उन्हात जाऊ नये.

आमची विनंती

अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत मृत्यूंची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. त्यानंतर २०१३ साली तेथील महानगरपालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा अमलात आणला. नागरिकांना आगाऊ इशारा, पिण्याचे पाणी व आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण अशी साधी पावले त्यात होती. आपल्या परिसरात एखादी पाणपोई, रिक्षातळावर सावलीचा मांडव, कारखान्यात पाण्याचे पिंप व बादली, सोसायटीच्या फलकावर वरील सूचना, एवढे प्रत्येकास करता येईल. शेजारी एकटे राहणाऱ्या वृद्धांची दुपारी एकदा विचारपूस करावी. आपल्या हातून ओतलेली पाण्याची एक बादली आमच्या अतिदक्षता विभागाचे निम्मे काम आधीच करून ठेवते.