देवडी

पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ओलांडला, की पहारेकऱ्यांच्या बसण्याच्या जागा लागतात. त्यांस आपण देवड्या म्हणतो. रायगडाच्या महादरवाज्यातही त्या आहेत. आलेल्याने तेथे थांबावयाचे, आपली वर्दी आत जाऊ द्यावयाची आणि परवानगी येईपर्यंत वाट पाहावयाची. मराठी माणसाच्या लेखी देवडीचा अर्थ प्रायः एवढाच. परंतु आपल्यापैकी जे नोकरी-व्यवसायानिमित्त दूरच्या प्रांतांत राहतात, त्यांनी हा शब्द तेथे निराळ्याच थाटात ऐकला असेल.

उत्तरेत त्याचे रूप ‘ड्योढी’. हिंदी कोशकार तो संस्कृत ‘देहली’पासून आला असे सांगतात. देहली म्हणजे उंबरा. मेघदूतातील विरहिणी उंबऱ्यावर ठेवलेली फुले मोजून विरहाचे उरलेले महिने गणते, तो उंबरा हाच. म्हणजे उंबऱ्याची एक रेघ वाढत वाढत तिची खोली झाली. गंमत अशी, की फारसीतून आलेल्या ‘दहलीज’ या शब्दाने नेमका उलटा प्रवास केला. फारसीत त्याचा अर्थ दार आणि घर यांमधील जागा, ओसरीवजा वाट. हिंदी-उर्दूत मात्र तो आक्रसून नुसता उंबरा उरला. दोन शब्द जणू वाटेत एकमेकांस भेटले आणि त्यांनी आपापली घरे बदलली!

ड्योढीचा खरा विस्तार झाला तो राजेरजवाड्यांच्या आश्रयाने. ‘ड्योढी बंद होणे’ या हिंदी वाक्प्रचाराचा दार लागण्याशी संबंध नाही. एखाद्यास दरबारात येण्याची मनाई झाली, असा त्याचा अर्थ. ती पुन्हा ‘खुलली’, की त्याचे दिवस पालटले असे समजावे. ड्योढीदाराचा पगार कितीही अल्प असो, त्याचा रुसवा मोठमोठ्यांना परवडत नसे. सरकारी कचेरीत काही वर्षे काढलेल्या कोणासही हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. जयपुरास ‘जनानी ड्योढी’ म्हणजे राण्यांचे अवघे निवासस्थान, आणि त्याबरोबर त्याचा सारा कारभारही. अमृतसरास मात्र या शब्दातला राजेशाही ताठा गळून पडतो. हरमंदिरसाहिबकडे नेणारा सरोवरातील पूल जेथे सुरू होतो, त्या कमानीस ‘दर्शनी ड्योढी’ म्हणतात. तेथे उभे राहिले की समोर मंदिराचे दर्शन घडते.

बंगालीत ‘देउडी’ म्हणजे मोठ्या घराचे सदर फाटक. मिथिलेत जमीनदाराच्या सबंध वाड्यासच ड्योढी म्हणत. हैदराबादेत तर अमीर-उमरावांचे प्रासाद ‘देवडी’ या नावानेच ओळखले गेले. पायगा घराण्यातील खुर्शीद जाह यांची देवडी चारमिनारापासून फार दूर नाही. हा अर्थविस्तार कसा झाला असावा? माझ्या मते याचे कारण रचनेत नसून पाहणाऱ्याच्या स्थानात आहे. सामान्य माणसाची धाव दारापर्यंतच. त्याला जेवढे दिसले, तेवढ्याचे नाव त्याने न दिसलेल्या सगळ्यास दिले. ‘दरगाह’ शब्दातही फारसी ‘दर’, म्हणजे दारच, दडलेले आहे; आणि युरोपीय लोक तुर्की सुलतानाच्या शासनास ‘उच्च द्वार’ म्हणत, तेही याच न्यायाने.

हे सारे केवळ कोशाचे कुतूहल मानले तर व्यवहारात फसगत होईल. मराठवाडा 1948 पर्यंत निजामी राज्यात होता आणि 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. त्यामुळे तेथे दोन्ही अर्थांची गाठ पडते. समजा, एखाद्या जुन्या खरेदीखतात ‘देवडी व लगतची मोकळी जागा’ असे लिहिलेले आढळले. पुण्याकडचा कारकून ती पहाऱ्याची खोली समजेल, हैदराबादेकडचा सबंध हवेली. तेव्हा मोल ठरविण्यापूर्वी कागदातील चतुःसीमा वाचाव्या, आणि तो कोणत्या अमलात, कोणाच्या हातचा लिहिलेला आहे हेही पाहून घ्यावे.