शाळेतला इतिहास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इतिहास मुलांना आठव्या-नवव्या वर्षी भेटतो आणि दहावीपर्यंत त्यांच्या सोबत राहतो. महाराष्ट्रात तिसरी ते पाचवी तो ‘परिसर अभ्यासा’त असतो. सहावीपासून इतिहास व नागरिकशास्त्राचे पुस्तक वेगळे होते. दिल्लीतील सीबीएसईच्या शाळांतही सहावीपासून तो सामाजिक शास्त्राचा भाग म्हणून रीतसर सुरू होतो. या सात-आठ वर्षांत मुलाची काळाची जाण, कारणे शोधण्याची ताकद आणि पुरावा तपासण्याची क्षमता यांत मोठा बदल होतो. त्या बदलाबरोबर अध्यापनही बदलायला हवे. त्याच्या आड काही रूढ समजुती येतात. नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गाच्या आधाराने त्या तपासता येतात. कनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणाऱ्या या रस्त्याचे जुने नाव कर्झन रोड. नवे महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे आणि लगतच्या हेली रोडवर ‘अग्रसेन की बावली’ ही पायऱ्यांची जुनी विहीर आहे.

गैरसमज : इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर.

वस्तुस्थिती : सन लागतातच, पण ते घटनांचा क्रम लावण्यासाठी. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय होता. राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात झाली. नव्या दिल्लीचे औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये झाले. हे तीन टप्पे शेजारी मांडले की लक्षात येते, की दिल्ली राजधानी होण्याआधीच कर्झन पद सोडून गेला होता. इतकेच नव्हे, तर १९१२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात त्याने राजधानी हलवण्याच्या निर्णयावर टीका केली होती. तरीही नव्या राजधानीतील एका प्रमुख रस्त्याला त्याचे नाव मिळाले आणि स्वातंत्र्यानंतर ते बदलून कस्तुरबांचे देण्यात आले. राज्यसत्ता कोणाचा सन्मान करते आणि का, हा प्रश्न इथे आपोआप उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना सन लक्षात राहतात, कारण सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा असतो.

गैरसमज : लहान मुलांना भूतकाळ कळत नाही, म्हणून खरा इतिहास मोठेपणीच शिकवावा.

वस्तुस्थिती : शतक, सहस्रक या कल्पना पक्क्या व्हायला वेळ लागतो, हे खरे. पण ‘आधी’ आणि ‘नंतर’, ‘आजीच्या लहानपणी’ आणि ‘आता’ हा फरक मुलांना फार लवकर कळतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडले, की कोणत्याही विषयाचा गाभा कोणत्याही वयाच्या मुलाला त्याच्या समजेला पेलेल अशा प्रामाणिक रूपात शिकवता येतो. महाराष्ट्रात चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकवले जाते, ते याचेच उदाहरण. अफजलखानाच्या भेटीसाठी महाराजांनी प्रतापगडाचा पायथा का निवडला, हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलाला विचारता येतो. जावळीचे दाट जंगल आणि अवघड वाटा यांत मोठ्या फौजेची हालचाल अडते, हे उत्तर ते नकाशा पाहून देऊ शकते. हा ऐतिहासिक कारणमीमांसेचाच पहिला पाठ आहे. बावलीच्या काठावरही तेच घडते. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली जाते, म्हणून पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या. एवढे कळले की नळ नसलेल्या काळातील जगणे मूल स्वतः ताडू लागते.

गैरसमज : पाठ्यपुस्तकात छापले ते कायमचे आणि अंतिम.

वस्तुस्थिती : पाठ्यपुस्तक त्या वेळी उपलब्ध असलेल्या पुराव्यांवर आधारलेले असते. पुरावा वाढला की निष्कर्ष बदलतो. शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ मध्ये झाला, असे पूर्वी मानले जाई. पुढे जेधे शकावली ही वर्षवार नोंदींची जुनी वही उजेडात आली आणि लोकमान्य टिळकांनी ती प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती. इतिहासकारांच्या दीर्घ चर्चेनंतर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य सरकारने स्वीकारली. तारीख का बदलली हे सांगितले नाही, तर मुलांना इतिहास लहरी वाटतो. सांगितले, तर साधनाची विश्वासार्हता म्हणजे काय ते समजते.

बावलीतून हाच धडा सहावी-सातवीत प्रत्यक्ष देता येतो. परंपरा तिचे श्रेय महाभारतकालीन मानल्या जाणाऱ्या अग्रसेन राजाला देते. निर्माता सांगणारा शिलालेख मात्र तेथे नाही, आणि आजच्या बांधणीची वैशिष्ट्ये दिल्लीच्या सुलतानांच्या काळाशी जुळतात. लोकपरंपरा लोकांची श्रद्धा आणि स्मृती सांगते, बांधकाम त्याच्या काळाविषयी सांगते. दोन्ही साधने नोंदवायची, पण कोणते कशाचा पुरावा आहे हे वेगळे ठेवायचे.

गैरसमज : इतिहासात मते अनेक असतात, म्हणून कोणतेही मत चालते.

वस्तुस्थिती : घटना आणि तिचे मूल्यमापन या दोन पायऱ्या आहेत. कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला आणि पुरातत्त्व खात्याला नवी उभारी मिळाली. त्याच कारकिर्दीत १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अंमलात आली आणि तिच्याविरुद्ध स्वदेशी व बहिष्काराची चळवळ देशभर पसरली. या घटना कागदपत्रांनी सिद्ध आहेत, त्यांत मताला वाव नाही. कर्झनचा एकंदर कारभार कसा तोलायचा, यावर मतभेद होऊ शकतो. पण जे मत दोन्हींपैकी एक बाजू लपवते, ते कच्चे ठरते. आठवी ते दहावीच्या मुलांना हा फरक झेपतो. तो शिकवला नाही, तर पुढे समाजमाध्यमांवर फिरणारा मजकूर आणि इतिहास यांत त्यांना भेद करता येत नाही.

गैरसमज : परिसराचा इतिहास लहानांसाठी, देशाचा आणि जगाचा मोठ्यांसाठी.

वस्तुस्थिती : परिसरातील एखादे नावही फार दूर घेऊन जाते. कस्तुरबा गांधी १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. भारतीयांच्या विवाहांना तेथे कायदेशीर मान्यता नाकारणारा न्यायालयीन निकाल हे त्या लढ्याचे एक कारण होते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी, मुंबईत शिवाजी पार्कवरील सभेला जाण्याआधीच, त्यांना अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असतानाच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. तेथेच त्यांची समाधी आहे. दिल्लीतील एका पाटीवरून दक्षिण आफ्रिका, मुंबई आणि पुणे असा धागा लागतो. त्यात घर आणि चळवळ दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रीचा इतिहासही येतो, जो केवळ राजे आणि लढाया शिकवताना सुटतो.

गैरसमज : दरवर्षी तेच शिकवले जाते आणि दहावीनंतर त्याचा उपयोग नाही.

वस्तुस्थिती : विषय तोच असला तरी प्रश्न बदलायला हवेत. इंडिया गेट हे त्याचे चांगले उदाहरण. चौथीतील मुलाला ते सैनिकांचे स्मारक आहे एवढे पुरे. सातवीत त्यावर कोरलेली तेरा हजारांहून अधिक नावे वाचताना हे सैनिक कोठून आले असतील, असे विचारता येते. नववीत प्रश्न पुढे जातो : पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिक फ्रान्स आणि मेसोपोटेमियापर्यंत का गेले, आणि पारतंत्र्यातील देशाने साम्राज्याच्या युद्धात एवढी किंमत का मोजली? दहावीत स्मारक कोणी, कधी आणि कोणत्या हेतूने उभारले, याची चर्चा होऊ शकते. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्याचे जतन हे विषय येतात, ते याच टप्प्यासाठी. संग्रहालये, अभिलेखागारे, पुरातत्त्व, पत्रकारिता, कायदा आणि प्रशासन या क्षेत्रांत साधने वाचून निष्कर्ष काढण्याचे हेच कौशल्य लागते.

इयत्तावार क्रम असा बसतो : प्राथमिक वर्गांत गोष्ट आणि ‘आधी-नंतर’, उच्च प्राथमिक वर्गांत कालरेषा आणि साधनांची ओळख, माध्यमिक वर्गांत कारणे, मतभेद आणि मूल्यमापन. परीक्षाही या क्रमाने घ्यायला हवी. केवळ रिकाम्या जागा भरायला सांगणारी प्रश्नपत्रिका पाठांतर मोजते. एखादा उतारा, नकाशा किंवा वास्तूचे छायाचित्र देऊन ‘यावरून काय कळते आणि काय कळत नाही?’ असे विचारणारी प्रश्नपत्रिका इतिहासाची समज मोजते.